बोटाला सोडेल असं मेण

जावईबापूंच्या हातून आयुष्यात एकच मोठा गुन्हा घडला, आणि तो बाळाच्या कपड्यांच्या खणात घडला.

कपाटाचा तो सगळ्यात खालचा खण कुरकुरायचा. कुरकुरायचा हा शब्द फार सौम्य झाला. दीड तास मांडीवर थोपटून, खांद्यावर फिरवून, पंख्याचा वेग तीनदा बदलून दहा महिन्यांच्या लेकीला झोपवावं, एक कोरडं दुपटं काढायला खण ओढावा, आणि त्याने अशी किंकाळी फोडावी की लेकीने टक्क डोळे उघडून हसावं. ते हसू फार गोड होतं. पण दिवसातून चार वेळा आलं की गोड हसण्यानेही आईबापांच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्या रविवारी शिवणाच्या डब्यात सुई शोधताना जावईबापूंना एक चपटी पत्र्याची डबी सापडली. आत बटरपेपरात गुंडाळलेला तपकिरी खडा. दगडासारखा कडक, पण मेणाचा. कुठल्या तरी जुन्या मेणबत्तीचं बूड असावं, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं आणि खण बाहेर ओढून त्याच्या दोन्ही कडांना तो खडा घासला. थोडा उरला, तोही घासला. काम अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग खण आत सरकवला आणि स्वतःच दचकले. आवाज नाही! एका बोटाने आत, एका बोटाने बाहेर. त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने कडेवरच्या बाळासकट सात वेळा खण उघडला, सात वेळा मिटला आणि म्हणाली, "दहा महिन्यांनी का होईना, पण उजेड पाडलास बाबा."

डबी त्यांनी फडक्याने स्वच्छ पुसली आणि होती तिथे ठेवून दिली. नीटनेटका माणूस.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी सासरे म्हणाले, "जावईबापू, शिवणाच्या डब्यात माझी एक डबी आहे. जरा काढून देता का?"

सासरे म्हणजे बायकोचे वडील. नातीचं तोंड बघायला आठ दिवसांसाठी आले होते, त्याला आता आठ महिने झाले होते आणि कुणाचीच काही तक्रार नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. 'जावईबापू' ही हाक ते जिन्यातून इतक्या खणखणीत आवाजात मारायचे की आता सगळी इमारत त्याच नावाने हाक मारायची. चिडली की बायकोसुद्धा.

"कसली डबी, बाबा?" जावईबापूंनी विचारलं. कप बशीत ठेवला.

"मेणाची. येत्या रविवारी तलावावर मंडळाची स्पर्धा आहे ना."

सासऱ्यांना गळाने मासे धरायचा नाद होता, आणि त्यातही गांडूळ किंवा कणकेची गोळी लावणाऱ्यांना ते माणसांत धरत नसत. ते लावायचे खोटी माशी. गळाच्या नखाएवढ्या आकड्यावर दोरा, पिसं आणि एखाद्या प्राण्याची मऊ लव गुंडाळून असा किडा करायचा की मासा फसला पाहिजे. मंडळाचा नियमच होता की माशी स्वतः बांधलेली हवी, तीही त्याच सकाळी, तलावाकाठच्या टेबलावर, पंचांच्या डोळ्यांदेखत. त्यात सगळं कौशल्य दोऱ्यात. दोऱ्याला मेण लावायचं, त्यावर चिमूटभर लव ठेवायची आणि दोन बोटांत वळायची, की त्या लवेची केसाळ दोरी झाली पाहिजे. तीच पुढे किड्याचं अंग.

"मेण चुकलं की सगळं चुकलं," सासरे सांगत होते. "कमी चिकट असेल तर लव गळून पडते. जास्त चिकट असेल तर बोटाला येते, दोऱ्यावर राहतच नाही. मेण कसं हवं? दोऱ्याला धरेल आणि बोटाला सोडेल असं. हे माझ्या तलावावरच्या जोडीदाराने बनवलेलं आहे. अठरा वर्षं पुरवलंय. काय काय घातलंय ते पठ्ठ्याने कुणाला सांगितलं नाही. आणि आता सांगायला तो नाही."

मग त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या गिऱ्हाइकाने आणलेलं बंद घड्याळ पाहावं.

"दोन वर्षं झाली, लव वळलीच जात नाही. गळून पडते. हात गेले माझे, जावईबापू. मंडळाच्या सेक्रेटरीला सांगून ठेवलंय, या रविवारी शेवटचं बसतो. जमली माशी तर जमली. नाही तर पेटी तिथेच ठेवून येतो, ज्याला पाहिजे त्याने सामान न्यावं."

जावईबापू उठून शिवणाच्या डब्याशी गेले. डबी उघडली. आपणच पुसलेला तिचा लख्ख तळ त्यांच्याकडे बघत होता. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो त्यांना अजिबात आवडला नाही.

"सापडत नाहीये, बाबा," ते म्हणाले. "मी... मी बघतो. इथेच कुठेतरी असेल."

खोटं नव्हतं ते. इथेच होतं. दीड हात अंतरावर, दुपट्यांच्या खाली.

बायकोला त्यांनी स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तिच्या हातातली पळी पातेल्यात बुडाली ती वर आलीच नाही.

"बाबांच्या जोडीदारकाकांचं मेण? खणाला?"

"मला काय माहीत ते काकांचं आहे! त्याच्यावर काही लिहिलं होतं का?"

"अरे, त्या काकांच्या मागे बाबांकडे एवढंच राहिलंय. आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

"रविवारपर्यंत मला मुदत दे. तसंच मेण आणतो. मेण ते काय, सगळीकडे मिळतं!"

"खण खरवडून बघू का?"

खरवडून बघितलं. निघाला तो लाकडाचा भुसा, थोडा रंग आणि एक मेलेली मुंगी.

आता इथे जावईबापूंची नोकरी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते नुसते रस्त्यावरून चालत गेले तरी दुकानदार काट्यावरची धूळ पुसत. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी ते मेणबत्तीवाल्याच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "मेण दाखवा," तेव्हा मेणबत्तीवाल्याच्या चेहऱ्याचं आधी मेण झालं.

"साहेब, काटा मागच्याच महिन्यात तपासून घेतलाय."

"काट्याचं नाही. मेण बघायला आलोय. किती प्रकारचं आहे?"

"सगळे प्रकार दाखवतो साहेब, बसा ना!"

त्याने पांढरं मेण, पिवळं मेण, मधमाश्यांचं खरं मेण आणि कसलंसं वितळवून पुन्हा थापलेलं मेण अशा चार पुड्या बांधल्या. जावईबापूंनी नोट पुढे केली, तर तो हात जोडून मागे सरकला. त्यांनी नोट गल्ल्यावर ठेवली, तर तो रस्त्यापर्यंत धावत आला आणि त्यांच्या खिशात परत कोंबून गेला. हे दृश्य समोरच्या तीन दुकानदारांनी डोळे फाडून पाहिलं.

मंगळवारी ते कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याकडे गेले. तोही दोऱ्याला मेण लावतो, म्हणजे या विषयातला जाणकार. काटा नसल्यामुळे तो त्यांना घाबरतही नव्हता.

"काळं मेण आहे बघा," तो म्हणाला. "डांबर आहे त्यात. आणि ही राळ. झाडाचा डिंक असतो तशी. चिकटपणा हवा तर ही घालायची. पण कुणाच्या हातासाठी पाहिजे?"

"माशीसाठी पाहिजे."

"तसं नाही साहेब. वापरणार कोण? मेण हात बघून घ्यायचं असतं. ज्याचा हात गरम, त्याला कडक मेण चालतं. हाताच्या उबेने ते मऊ होतं. ज्याचा हात गार, त्याला मऊच लागतं. माझ्या बापाचं मेण आता मला चालत नाही."

जावईबापूंनी वही काढली होती. त्यात मेणाचं नाव, रंग, वजन आणि चिकटपणा असे चार रकाने आखले होते. बापाचा आणि हाताचा रकाना नव्हता. त्यांनी चप्पलवाल्याचं बोलणं तळाशी लिहिलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'असंबद्ध'.

चाचण्या न्हाणीघरात, दार आतून लावून चालत. पांढऱ्या मेणावरून लव घसरगुंडीसारखी घसरली. पिवळं मेण दोऱ्यावर बसेचना. खऱ्या मेणाने थोडी आशा दाखवली आणि मग तेही कडक पडलं. काळ्या मेणाने लव घट्ट धरली, पण दोरा, लव, साबण आणि टॉवेल सगळं एकाच रंगाचं झालं. तळ्यातल्या कुठल्याही माशाने आजवर डांबराचा किडा खाल्ल्याची नोंद नसावी.

बाहेरून सासरे दारावर हलकेच टकटक करत. "जावईबापू, पोट बरं आहे ना? कालपासून तिसऱ्यांदा..."

"बरं आहे, बाबा!"

"ओवा घ्या थोडा."

बुधवारी कार्यालयातल्या शिपायाने सल्ला दिला की चिकट मेण पाहिजे तर ब्यूटी पार्लरमध्ये मिळतं, त्याच्या मेहुणीचं कोपर अजून लाल आहे. जावईबापूंनी आयुष्यात कधी पार्लरचा उंबरा ओलांडला नव्हता. आत चार बायका डोक्याला, तोंडाला आणि पायांना काही ना काही फासून बसल्या होत्या. त्या एकदम अशा गप्प झाल्या की पंखाही जपून फिरू लागला. मालकीणबाईंनी त्यांना ओळखलं आणि हातातली पट्टी गिऱ्हाइकाच्या पायावर तशीच सोडून पुढे आल्या.

"साहेब, आमच्याकडे वजनाने काहीच विकत नाही हो!"

"तसं नाही. मला केस काढायचं मेण हवंय."

"बरं... बाईसाहेबांसाठी का?"

"नाही. सासऱ्यांसाठी."

पट्टी लावलेली बाई खुर्चीत सरळ बसली.

"म्हणजे केस काढायला नाही," जावईबापू घाईघाईने म्हणाले. "लावायला."

"सासऱ्यांना केस लावायला?"

"सासऱ्यांना नाही! दोऱ्याला!"

यापुढचं कुणाला ऐकवेना. मालकीणबाईंनी एक अख्खा डबा त्यांच्या हातात दिला, पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि ते बाहेर पडल्यावर दाराला आतून कडी लावली.

तो डबा म्हणजे कहर होता. आपल्याच बोटांची एकमेकांशी एवढी ओढ असेल, हे जावईबापूंना ठाऊक नव्हतं. पहिला नमुना करून, बोटं सोडवायला रॉकेल आणावं म्हणून ते दोन्ही हात वर धरून जिना उतरत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची मांजर आडवी आली. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची ती मांजर, पांढरी, गुबगुबीत, अंगावर रेशमासारखी लव. चाचण्यांना आतापर्यंत जुन्या शालीची लोकर वापरली होती. खरी लव समोर बसलेली पाहून जावईबापूंनी तिला प्रेमाने एकदाच कुरवाळलं. फक्त एकदा. हात उचलला तेव्हा मांजरीची अर्धी पाठ हातासोबत आली.

मांजरीने जे केलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. खण ज्या आवाजात ओरडायचा त्याच जातीचं होतं ते. बाई दारात आल्या, मांजरीकडे पाहिलं, मग जावईबापूंच्या केसाळ पंजाकडे पाहिलं.

"हात पुढे करा," बाई म्हणाल्या.

जावईबापूंनी केला. बेचाळिसाव्या वर्षी.

"हे काय आहे?"

"मेण, बाई."

"आणि त्यावर?"

"...मांजर, बाई."

"मुक्या जनावराची पाठ सोलता? सरकारी माणूस ना तुम्ही? उद्यापासून जिन्यात हात खिशात ठेवून चालायचं. समजलं?"

समजलं. पण हाताला चिकटलेली लव वाया का घालवायची, म्हणून त्यांनी वर येऊन दोऱ्यावर वळून पाहिली. ती दोऱ्यावर गेली, बोटावर परत आली, पुन्हा गेली, परत आली. शेवटी त्यांनी सासऱ्यांना करताना पाहिलं होतं तसा दोरा दाताने तोडायला तोंडाशी नेला. दोरा तुटला नाही. मिशीला चिकटला. ओढला. मिशीही आली. सगळी नाही, डावी अर्धी.

बायको आरसा घेऊन आली. मग बाळाला जवळ घेऊन म्हणाली, "बघ गं, बाबा! आहे ना तोच?" बाळाने निरखून पाहिलं आणि भोकाड पसरलं. खणाने जे काम सोडलं होतं ते आता बापाने घेतलं होतं. जावईबापूंना उरलेली अर्धी काढून टाकता आली असती. पण ते त्यांना हार मानल्यासारखं वाटलं. शिवाय वस्तऱ्याला लागलेलं मेण निघेना.

गुरुवारी त्याच अर्ध्या मिशीने ते कार्यालयात गेले आणि टेबलावर मेमो होता.

व्यापारी संघटनेचं पत्र आलं होतं. 'आपले निरीक्षक दुकानोदुकानी जाऊन मेण मागत असून दाम देत नाहीत, काही महिलांच्या आस्थापनेतही त्यांनी प्रवेश केल्याचे समजते.' लेखी खुलासा चोवीस तासांत मागवला होता. एकवीस वर्षांच्या नोकरीत कुणाकडून चहाचा घोट न घेतलेला हा माणूस. त्यांनी मेमो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा अक्षरं पुसट दिसली.

खुलासा त्यांनी मान खाली घालून लिहिला. 'उपरोक्त मेण हे शासकीय कामी नसून, सासरे यांच्या खोट्या माशीचे अंग वळण्याच्या खाजगी कामी घेण्यात आले. मूळ मेण अनवधानाने बाळाच्या खणास लागले. पैसे देऊ केले असता संबंधितांनी ते खिशात कोंबले. सर्व मेण परत करण्यात येईल.' वरिष्ठांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचला. मग अर्ध्या मिशीकडे पाहिलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. त्या आवाजाचं दुःख जावईबापूंना मेमोपेक्षा जास्त झालं.

"हो साहेब."

"मग मेण परत करा. पंचांसमक्ष मोजून."

शुक्रवारी परत केलं. जावईबापूंच्याच खात्याने शिक्का मारलेल्या काट्यावर, संघटनेचे दोन पंच आणि मालकीणबाईंच्या समोर. पार्लरचा डबा ठेवला. काटा थांबला. पंच वाकले. डबा दिला होता त्यापेक्षा नऊ ग्रॅम जास्त भरला.

"वाढला कसा?" पंच म्हणाले.

"काटा बरोबर आहे," जावईबापूंच्या तोंडून सवयीने गेलं.

झाकण उघडलं. आत मांजर होती. म्हणजे हातावरून खरवडून परत टाकलेल्या मेणासोबत आलेली मांजरीची पाठ. पंचनाम्यात शेवटी अशी नोंद झाली की, 'पार्लरचे मेण पूर्ण परत. वाढीव वजन मांजरीचे व काही अंशी मिशीचे.' त्यावर जावईबापूंना सही करावी लागली.

शनिवारी दुपारी ते घरी आले तेव्हा सासरे आपली पेटी आवरत होते. एकेक आकडा कापसावर पुसून ठेवत होते. पिसांच्या पुड्यांना नवीन चिठ्ठ्या लावत होते, म्हणजे ज्याच्या हातात सामान जाईल त्याला शोधाशोध नको. घड्याळजीचं अक्षर, बारीक आणि सरळ. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. हे जावईबापूंना दिसलं, पण त्यांचं मन त्या वेळी इतकं खचलं होतं की दिसलं तरी कळलं नाही.

"राहू दे आता ते मेण," सासरे मान वर न करता म्हणाले. "असतं तरी काय झालं असतं? दोन वर्षं तेच मेण आहे, आणि तोच मी आहे. तुम्ही उगाच पोट बिघडवून घेतलंत."

जावईबापू स्वयंपाकघरात गेले. बाळ झोपलं होतं. बायको गॅससमोर उभी होती, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात एक वाटी तरंगत होती आणि शेजारी त्यांची वही उघडी होती.

"हे काय करतेस?"

"मेण. तुझ्या खुलाशातून वाचलेल्या खऱ्या मेणाचा तुकडा न्हाणीघरातल्या खिडकीत होता. राळ चप्पलवाल्याची आहे, ती परत करायची नव्हती, त्याने तक्रारच केली नाही. आणि सगळ्या वहीत शहाणपणाचं एकच वाक्य आहे, त्याच्यापुढे तू असंबद्ध लिहिलंयस." तिने बोट ठेवलं. "बाबांचा हात धरून बघितलायस कधी? बर्फ असतो बर्फ. बाळाला घेतात तेव्हा ती दचकते."

"मग?"

"मग मऊ मेण पाहिजे. पण तेल घातलं की घसरतं, तूप घातलं की वास येतो. मऊही हवं आणि चिकटही." ती जरा थांबली. "म्हणून माझं मलम घातलं."

"कुठलं मलम?"

"ते रे. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं. पहिल्या चार महिन्यांत, बाळाला पाजताना... भेगा पडायच्या तेव्हा. मेंढीच्या लोकरीची चरबी असते ती. बोटाला लावलं की ऊब नसली तरी मऊ राहतं, आणि धरून राहतं. अर्धी नळी उरली होती."

जावईबापूंनी ओट्याचा आधार घेतला. या आठवड्यात त्यांना बरेच धक्के बसले होते, पण ते सगळे बाहेरचे होते.

"अगं, ते... बाबांच्या हातात? बाबांना कळलं तर?"

"कुणी सांगितलं तर कळेल. आधी बोट लाव."

त्यांनी गार झालेल्या गोळीवरून दोरा ओढला. खिशातून मांजरीची लव काढली, ती आता कायम खिशातच असायची. दोऱ्यावर ठेवून वळली. लव दोऱ्याला बिलगली. बोटं कोरडी. त्यांनी पुन्हा बघितलं. बोटं कोरडीच.

गोळी जुन्या डबीत घालून ते सासऱ्यांसमोर गेले. "सापडली, बाबा," म्हणाले, आणि आवाज चिरका आला.

सासऱ्यांनी डबी घेतली. आकडा पकडीत अडकवला, दोरा मेणातून ओढला, चिमूटभर लव ठेवली आणि दोन बोटं फिरवली. एकदा. दोनदा. मग थांबले. दोऱ्यावर सशाच्या शेपटीसारखी गोल, घट्ट, सारखी वळलेली लव होती. एकही केस खाली पडला नव्हता. ते आपल्या बोटांकडे असे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाची आहेत.

मग त्यांनी डबी नाकाशी नेली.

"हे माझं मेण नाही."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिने नवऱ्याला मानेनेच खूण केली, सांग. जावईबापूंनी सगळं सांगितलं. मेणबत्तीवाला, पार्लर, मांजर, मेमो, पंचनामा, मिशी. मलम तेवढं गाळलं. मुद्द्याची गोष्ट त्यांनी शेवटी ठेवली, कारण तिलाच ते सगळ्यात जास्त घाबरत होते.

"तुमच्या जोडीदाराचं मेण... मी खणाला लावलं, बाबा. सगळं. मला वाटलं मेणबत्ती आहे. चुकलो मी."

सासऱ्यांचा चेहरा दगडासारखा झाला. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि ते घड्याळही त्यांनीच दुरुस्त केलेलं.

"कुठल्या खणाला?"

"बाळाच्या कपड्यांच्या."

"मग जाम झाला असेल."

"नाही. छान सरकतो."

"छान म्हणजे?"

"एका बोटाने."

सासरे उठले. बाळाच्या खोलीत गेले, कपाटासमोर उकिडवे बसले आणि एका बोटाने खण ओढला. तो आवाज न करता बाहेर आला. ढकलला, आत गेला. बाळ कुशीवर वळलं, पण जागं झालं नाही. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा ढकलला. जावईबापूंना वाटलं, आता ओरडतील.

"जावईबापू," ते कुजबुजले, "चिकट मेण लावलं तर खण सरकतो का हो?"

जावईबापूंनी स्वतः एका बोटाने खण ओढून पाहिला. वजनमापांची एकवीस वर्षं, चार रकान्यांची वही, आणि ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. ज्या दिवशी खण सरकला त्याच दिवशी सगळं कळायला हवं होतं.

"वाळून दगड झालं होतं ते मेण," सासरे म्हणाले. "अठरा वर्षं झाली. चिकटपणा उडून गेला होता त्यातला. आणि मी दोन वर्षं..." त्यांनी दोन्ही हात वर करून पाहिले. "मी दोन वर्षं ह्यांना शिव्या घालतोय."

बायको खाली बसली आणि तिने ते दोन्ही गार हात आपल्या हातांत घेतले. मोठ्याने बोलणं शक्य नव्हतं, बाळ झोपलं होतं.

रविवारी तलावाकाठी सासऱ्यांनी सकाळच्या पहिल्या तासात सात माश्या बांधल्या. पंच टेबलाभोवती गोळा झाले. एकाने मेणाला बोट लावलं, चोळलं, डोळे मोठे केले. "कुठून आणलंत हे? काय घातलंय?"

जावईबापूंनी अर्ध्या मिशीवरचा घाम पुसला आणि तलावाकडे बघायला सुरुवात केली.

"मेण, राळ," सासऱ्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आणि माझ्या लेकीचं बाळंतपणाचं मलम."

पंचाचं बोट हवेतच राहिलं. जावईबापू वळून बघू लागले. यांना कुणी सांगितलं? बायको शांतपणे बाळाची टोपी सरळ करत होती.

"चाळीस वर्षं वास ओळखून घड्याळांची तेलं घेतली मी," सासरे म्हणाले. "घरात दोन महिने तो वास होता. न कळायला काय झालं? पुसू नका बोट, साहेब. चांगली वस्तू आहे."

मासा लागला नाही. एकही. सात माश्या, सहा तास, आणि एक जुना बूट. पेटी घरी परत आली.

जुना खण आजही तसाच आहे. बायकोने एकदा तो साफ करून नवीन रुळ बसवायची गोष्ट काढली, तेव्हा सासऱ्यांनी हात आडवा केला. त्यांचा तो जोडीदार म्हणे अतोनात बडबड्या होता. तलावाकाठी तोंड मिटायचा नाही, मासे पळवून लावायचा, सासरे त्याला तीस वर्षं 'गप्प बस' म्हणत होते. आता नातीचं दुपटं काढायला ते स्वतःच खणाशी बसतात, एका बोटाने तो पुढे ओढतात, जरासे थांबतात, कान देतात.

"बघा जावईबापू," ते हळूच म्हणतात, "शेवटी शिकला."

आणि पोर झोपलेलीच असते.